ठकीचे लंघन

एकदा एका वैद्याच्या घरी एक असा रोगी राहत असे, जो रोज संध्याकाळी आजारी पडे आणि रोज संध्याकाळीच बरा होई. या रोग्याचे नाव ठकी. ती लाकडाची होती. सागाच्या तुकड्यातून सुताराने तिला कोरले होते. हात अंगालाच चिकटलेले, लुगडे लाल रंगाने रंगवलेले, आणि डोळे काळ्या रंगाने असे मोठे काढलेले, की तिच्याकडे बघणाऱ्यानेच आधी नजर खाली घालावी. वैद्याची एकुलती एक लेक सगुणा, तिची ही बाहुली.

आता तुम्ही म्हणाल, बाहुलीला कसला आलाय रोग? थांबा. हा प्रश्न या गोष्टीत एक शहाणा माणूस विचारणारच आहे आणि त्याला उत्तरही मिळणार आहे. तुम्ही कशाला घाई करता?

वैद्याचे नाव त्र्यंबक. तरुणपणी तो दूरच्या एका गावी एका थोर वैद्यराजांकडे विद्या शिकला होता. त्या गुरुगृही एक रीत होती. दिवसभराचे रोगी संपले, अंगणातली शेवटची बैलगाडी निघून गेली, देवापुढे दिवा लागला, की गुरुजी पुन्हा एकदा हात धुऊन आपल्या बैठकीवर येऊन बसत. मग त्यांची नातवंडे आपापले रोगी घेऊन येत. कुणाचा चाक निखळलेला घोडा, कुणाचा चिंध्यांचा पोपट, कुणाची टवका उडालेली मातीची गवळण. गुरुजी एकेकाची नाडी बघत. कपाळाला आठ्या घालून बघत. "पोपटराव, हिरव्या चिंचा कुणाच्या झाडाच्या खाल्ल्यात?" असे दरडावून विचारीत. मग आज्ञा सुटे आणि ज्यांना ग्रंथच्या ग्रंथ मुखोद्गत होते, असे मिशा फुटलेले शिष्य खलात सुंठ आणि साखर घोटून तिच्या इवल्याइवल्या पुड्या बांधीत. पुडी पोपटाच्या नावाची, खाणार अर्थात नातवंडे.

यापुढचे जे आहे ते मला सर्वांत जास्त आवडते. दुसऱ्या दिवशी तो घोडा पुन्हा आला की गुरुजी विचारीत, "काल दही वर्ज्य सांगितलं होतं. पाळलंत का?" कालचे दही त्यांच्या ध्यानात असे! ज्या माणसाच्या दाराशी दहा गावांचे रोगी ताटकळत उभे असत, त्याच्या डोक्यात एका लाकडी घोड्याच्या दह्याला जागा होती. अशा माणसापुढे मी तरी मनातल्या मनात हात जोडतो.

त्र्यंबकाला तेव्हा वाटे, म्हातारपणाची हौस आहे, दुसरे काय. पण हौस वाटली तरी ती त्याच्या मनात कुठेतरी रुजली असावी, कारण स्वतःचे घर झाले, लेक झाली, लेक बाहुली ओढत चालू लागली, तेव्हा त्याने ही रीत आपल्या पडवीत सुरू केली. आणि छान केली हो! ठकीला पडसे झाले की तो तुळशीचा काढा सांगे. ठकीने पथ्य मोडले की रागे भरे. ठकीचे हात अंगाला चिकटलेले, त्यामुळे मनगट म्हणून जी जरा खाच कोरलेली होती तिच्यावर तो तीन बोटे ठेवी आणि डोळे मिटून बसे. सगुणा तेव्हा श्वास रोखून उभी राही. बापाच्या तोंडून निदान बाहेर पडेपर्यंत तिच्या जिवात जीव नसे.

मग त्र्यंबकाची कीर्ती वाढली. आणि त्या वर्षी भाद्रपद सरता सरता तापाची साथ आली. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर घरटी एकदोन माणसे अंथरुणाला खिळली. वैद्य उजाडायच्या आत छकड्यात बसे तो दिवे लागल्यावर उतरे. उतरल्यावरही अंगणात माणसे असतच. तो काही आळशी बाप नव्हता, की ख्यालीखुशालीत दंग नव्हता. लोकांचे जीव वाचवत होता. हे मी मुद्दाम सांगतो. अशा गोष्टींतून कामात बुडालेल्या आईबापांना झोडपून काढायची एक रीतच पडली आहे आणि मला ती मुळीच पसंत नाही.

तर एका सकाळी तो निघाला असताना सगुणा ठकीला खांद्याशी धरून छकड्याजवळ आली.

"बाबा, ठकीचं अंग तापलंय."

त्र्यंबकाचा एक पाय छकड्यात, एक जमिनीवर. मन तिसरीकडेच, एका बाळंतिणीच्या तापात. त्या दिवसांत त्याच्या जिभेला एकाच वाक्याचे वळण पडले होते. घरोघरी जे सांगायचा तेच तो बोलून गेला.

"लंघन. कोमट पाणी तेवढं द्यायचं. मी नाडी बघून सांगेपर्यंत अन्नाचा कण नाही."

आणि छकडा गेला. लंघन म्हणजे औषध म्हणून करायचा उपास. वैद्याने घातलेला, वैद्यानेच सोडवायचा. त्र्यंबक हे वाक्य वेशीपर्यंत पोहोचायच्या आतच विसरला.

सगुणा विसरली नाही. ती वैद्याची लेक होती. लंघनात चोरून भजी खाणाऱ्या एका धटिंगणावर तिचा बाप पडवीत कसा कडाडला होता, ते तिने खांबाआडून पाहिले होते. "मरायचंय का तुला? लंघन मोडलंस तर मी जबाबदार नाही!" तो एवढाला गडी चळाचळा कापला होता. तेव्हापासून सगुणाच्या मनात पक्के बसले होते की लंघन मोडले तर माणूस मरते.

या घरी आणखी एक पद्धत होती. सगुणाच्या ताटाशेजारी ठकीची चिमुकली वाटी मांडलेली असे. पहिला घास ठकीच्या ओठांना लावायचा, मग आपण खायचे. त्या दिवसापासून वाटी पालथी राहिली. आणि उपाशी माणसासमोर बसून आपण जेवू नये, हे तर आईनेच शिकवलेले! सगुणा खाली मान घालून दोन घास गिळी आणि "पोट भरलं" म्हणून उठे. उरलेला भात गायीपुढे जाई.

तिने सांगितले नाही असेही नाही. आईला एकदा विचारले होते, "ठकीला आता थोडी पेज दिली तर चालेल?" आईच्या चुलीवर बाहेरगावच्या रोग्यांसाठी भले मोठे पातेले चढलेले, लाकडे ओली, डोळ्यांत धूर. ती म्हणाली, "अगं, लाकडाची ती, तिला काय होतंय! तू जेव आधी." बापालाही दारात गाठले होते. "बाबा, ठकीला बघता?" "उद्या हं, बाळ." तो उद्या काही उगवला नाही. मग सगुणाने विचारणे सोडले. मुले या बाबतीत तक्रार करीत नाहीत. ती गप्प होतात, आणि आपण कौतुकाने म्हणतो, शहाणी झाली हो पोर.

हळूहळू सगुणाचे तोंड एवढेसे झाले. परकर कमरेवर ठरेना. आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. त्र्यंबकाने नाडी पाहिली आणि तो चक्रावला. नाडी सांगत होती की पोरीला भूक आहे, कडकडून भूक आहे. मग ती जेवत का नाही? त्याने भूक वाढवणारे उत्तम चूर्ण दिले. सगुणाने ते शहाण्यासारखे घेतले. बिचारीची भूक दुप्पट झाली आणि घास तेवढेच राहिले. यापरते क्रूर औषध कोणी कोणाला दिले नसेल, आणि देणारा बाप जिवाचे रान करून देत होता.

एके दिवशी तुळशीला पाणी घालता घालता सगुणा मटकन खाली बसली ती उठेचना. गावोगावची माणसे उठवून बसवणारा वैद्य आपल्या पोरीला उचलून पडवीत घेऊन आला आणि लहान मुलासारखा रडला. "माझी विद्या संपली," तो बायकोला म्हणाला, "गुरुजींना आणायला छकडा धाड."

गुरुजी आले. फार थकले होते. छकड्यातून उतरायला दोघांचे खांदे लागले. पडवीत रोग्यांची गर्दी होती. त्यांत कापडाचे एक बडे व्यापारी गुडघे धरून बसले होते. मोठी आसामी. बसायला त्यांनी आपली गादी बरोबर आणली होती.

गुरुजींनी हात धुतले, बैठकीवर बसले आणि म्हणाले, "आण रोगी."

सगुणा आईचा हात धरून आली. दुसऱ्या हातात अर्थातच ठकी. गुरुजींनी सगुणाकडे पाहिले, मग ठकीकडे पाहिले, आणि दोन्ही हात पुढे करून ठकीला मागून घेतले. तिला मांडीवर आडवी केली. लाकडातली ती खाच शोधून काढली, तीन बोटे ठेवली आणि डोळे मिटले.

त्र्यंबक ओशाळला. हळूच म्हणाला, "गुरुजी, रोगी ती नव्हे. सगुणा..."

"त्र्यंबका," गुरुजी डोळे न उघडता म्हणाले, "माझा हात रोग्याच्या नाडीवर असताना बोलायचं नाही, हे विसरलास वाटतं."

पण व्यापाऱ्याला राहवेना. "वैद्यराज, हा काय पोरखेळ मांडलाय? आम्ही सकाळपासून तिष्ठत बसलोय इथे. लाकडाच्या बाहुलीला कधी नाडी असते का?"

"शेटजी, तुमच्या गुडघ्यातली कळ तरी मला कुठे दिसते?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "तुम्ही सांगता, मी मानतो. हिचंही तसंच. आणि ही तुमच्या आधी आलेली आहे. दम धरा."

बघा, मिळाले ना उत्तर!

मग गुरुजी सगुणाकडे वळले. रोग्याच्या नातेवाइकाशी बोलावे तसे, हलक्या पण गंभीर आवाजात विचारू लागले.

"नाव काय रोग्याचं?"

"ठकी."

"वय?"

"माझ्याएवढीच आहे. पण ती वाढत नाही."

"असतात तशी काही माणसं. काय होत होतं?"

"ताप होता. आता नाहीये." सगुणा घुटमळली. "आता तिला भूक लागलीय."

"मग जेवत का नाही?"

"लंघन आहे ना!" सगुणाला आश्चर्य वाटले, की एवढ्या मोठ्या वैद्याला हे कसे दिसत नाही.

"कुणी घातलं?"

सगुणाने बापाकडे पाहिले. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. उलट अभिमान होता. "बाबांनी. बाबा नाडी बघून सांगेपर्यंत अन्नाचा कण द्यायचा नाही. मी नाही दिला. एकदासुद्धा नाही."

"शाबास. आणि तू? तू का जेवत नाहीस, बाळ?"

"ठकी म्हणते, तू जेव. पण आजोबा," सगुणाने ठकीकडे बोट दाखवले, "ती बघत असते. तिला डोळे मिटताच येत नाहीत."

आतल्या दाराशी उभ्या असलेल्या आईने पदर तोंडात कोंबला. त्र्यंबकाला सारे एका क्षणात आठवले. छकडा, तो एक पाय, ते वाक्य. तो धावला, लेकीपुढे गुडघ्यांवर बसला, तिचे दंड धरले. "सोडलं, बाळ! सोडलं लंघन! जेव तू, ठकीलाही भरव, आत्ताच्या आत्ता जेव!"

सगुणाने त्याच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "नाडी न बघता?"

खरेच, त्र्यंबकाने आजवर कुणाचेही लंघन नाडी बघितल्याशिवाय सोडवले नव्हते, आणि हे जगात कुणाला माहीत असेल तर ते या पोरीला. त्याने वळून गुरुजींना हात जोडले. "गुरुजी, आपणच सोडवा."

"दुसऱ्या वैद्याने घातलेलं लंघन मी सोडवत नाही," गुरुजी म्हणाले. "ते तुझं काम." आणि बैठकीवरून सरकून त्यांनी शिष्याला जागा करून दिली.

एवढ्या माणसांदेखत त्र्यंबक बैठकीवर बसला. ठकीला मांडीवर घेतले. खाचेवर बोटे ठेवली. पण त्याची नजर एकसारखी सगुणाच्या सुकलेल्या गालांकडे जात होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते.

"बाबा," सगुणा हळूच म्हणाली, "रोगी इकडे आहे."

तेव्हा त्याने डोळे पुसले. खोल श्वास घेतला. आणि बाळंतिणीची, म्हाताऱ्याची, कुणाचीही नाडी जशी बघावी तशी डोळे मिटून त्या लाकडाची नाडी बघितली. त्या व्यापाऱ्याने चुळबुळणारे गुडघे हातांनी दाबून धरले होते.

"ताप उतरलाय," त्र्यंबक म्हणाला. "जीभ दाखवा."

"सुताराने काढलीच नाहीये."

"बरं. डोळे स्वच्छ आहेत. लंघन पुरं झालं. पण एकदम भात द्यायचा नाही. आज मुगाचं कढण, सैंधव आणि थोडं तूप घालून. उद्या मऊ भात. आणि..." इथे तो सगुणाकडे वळला, "रोग्याच्या सोबत्याने फार दिवस जागरण केलंय, त्यालाही तेच पथ्य. दोघींनी बरोबर घ्यायचं. मी इथेच बसून बघणार आहे."

आई केव्हाच आत पळाली होती. कढण आले. पालथी वाटी सुलट झाली. सगुणाने फुंकर घालून पहिला चमचा ठकीच्या रंगवलेल्या ओठांना लावला, थोडे थांबली, तिच्या डोळ्यांत बघितले, आणि मग आपली वाटी उचलून घटाघटा, घटाघटा प्यायली. "हळू, अगं हळू," असे आई म्हणे आणि पुन्हा वाढी. सगुणाच्या ओठांवर पिवळ्या कढणाची मिशी उमटली. ते बघून पडवीतले आजारी लोकसुद्धा हसू लागले. व्यापारी उपरण्याने डोळे टिपत म्हणाला, "होऊ द्या सावकाश. माझे गुडघे कुठे पळून जात नाहीत."

दुपारी रोगी पांगल्यावर गुरुशिष्य मागच्या ओट्यावर बसले. सगुणा आत गाढ झोपली होती. त्र्यंबकाने विचारले, "गुरुजी, आपल्याला कसं कळलं?"

"मला काय कळणार? मी ठकीला तपासलं, एवढंच."

त्र्यंबक बुद्धिमान होता, आणि बुद्धिमान माणसे लगेच सिद्धान्तावर येतात. तो म्हणाला, "आलं लक्षात. लेकराच्या मनात जे असतं ते बाहुलीच्या तोंडून बाहेर येतं. म्हणजे रोज बाहुलीची चौकशी केली की लेकराचं निदान आपोआप होईल. आजपासून मी रोज..."

"मुळीच नाही!" गुरुजी असे कडाडले की ओट्याखालचे मांजर पळाले. "असं करशील तर दोन दिवसांत पोर ओळखेल, आणि मग ठकी तुझ्यापुढे पुन्हा तोंड उघडणार नाही. तिने तुला सांगितलं ना, रोगी इकडे आहे म्हणून? ते ध्यानात ठेव. ठकीकडे बघायचं ते ठकी आजारी आहे म्हणून. ती लाकडाची आहे हे सगुणाला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. सुताराने जीभ काढली नाही, असं तिनेच सांगितलं तुला. हे ठाऊक असूनही तिने तुझ्या एका शब्दासाठी आपलं पोट मारलं. तुझ्या साऱ्या रोग्यांत असं पथ्य पाळणारा एक तरी आहे का?"

त्र्यंबकाची मान खाली गेली. तो म्हणाला, "पण गुरुजी, वेळच उरत नाही हो. साथ आहे. माणसं दगावताहेत."

गुरुजींचा स्वर निवळला. "वेळ मला तरी कुठे होता, बाळा? तुम्ही शिष्य बघतच होता. मला जे जमायचं ते इतकंच की जेवढा वेळ बसायचो तेवढा पुरता बसायचो, आणि काल काय बोललो ते आज विसरायचो नाही. मुलांचं खोटं-खोटं जग त्यांच्या बळावर उभं असतं हे खरं, पण त्यात आपण एक शब्द टाकला की तो आपल्याला निभवावा लागतो. तू घाईत असशील तर सरळ सांग, वैद्य आज परगावी गेलेत, ठकीला उद्या बघतील. चालतं. मुलं फार समजूतदार असतात, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. फक्त उद्या म्हणालास तर उद्या बघ. आणि घाईतही तिला कुणाचंतरी दुसऱ्याचं औषध देऊ नकोस. ठकीचं ठकीलाच दे."

एवढे बोलून म्हातारा थकला आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. त्र्यंबक त्यांचे पाय चेपत राहिला. मला वाटते, त्या वृद्ध माणसाने आयुष्यात कितीतरी असाध्य रोग बरे केले असतील, पण लाकडी घोड्यासाठी कपाळाला आठ्या घालणे हेच त्याच्या विद्येचे खरे शिखर असावे. ग्रंथ पाठ करणारे पुष्कळ असतात. ज्याचा जगात कुणालाच उपयोग नाही असे दही ध्यानात ठेवायला फार मोठे मन लागते.

ऊन कलल्यावर गुरुजींचा छकडा निघून गेला. त्र्यंबकही दोन घरी जाऊन आला. साथ काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती. परतल्यावर त्याने हात धुतले आणि बैठकीवर येऊन बसला. बराच वेळ कुणी आले नाही. तो बसून राहिला. हाक मारली नाही, कारण रोग्याला हाक मारून बोलवायची वैद्याची पद्धत नसते. शेवटी दारात पैंजण वाजले. सगुणा ठकीला घेऊन आली, पण तिने ठकीला त्याच्या मांडीवर ठेवले नाही. ती त्याच्यासमोर बसली, ठकीला आपल्या मांडीवर घेतले, तिच्या तोंडाशी कान नेला, आणि बापाकडे वळून म्हणाली,

"बाबा, ठकी विचारतेय, तुम्ही आज जेवलात का?"

त्र्यंबक सकाळपासून उपाशी होता. हे त्याच्यासुद्धा ध्यानात आले नव्हते. त्याला एकदम खोटे सांगावेसे वाटले, की हो, जेवलो, कारण आणखी एका घरी जायचे राहिले होते. पण विचारणारी ठकी होती. तो ठकीकडे बघून म्हणाला, "नाही हो, ठकूबाई."

"मग हात द्या इकडे," सगुणा म्हणाली, आणि बापाच्या मनगटावर तीन बोटे ठेवून तिने डोळे मिटून घेतले.

मंडळी, आपणही कधी दारातून निघता निघता आपल्या पोरांच्या बाहुलीला, घोड्याला, भातुकलीतल्या पाहुण्यांना काहीतरी सांगून गेलेलो असतो; घरी जाऊन विचारा, कुणी अजून वाट बघत बसले आहे का.